आय डोंबिवलीला आली

ज्या दिवशी मी ठाण्याचा कोळीवाडा सोडला, त्या दिवशी आमच्या आळीतल्या सगळ्या बायका रडल्या, फक्त आय रडली नाही. रिक्षा आत गल्लीत येईना म्हणून माझी ट्रंक हातावर उचलून रस्त्यापर्यंत न्यावी लागली. आय नऊवारीचा कासोटा आवळत ट्रंकेच्या मागे चालत होती. मी रिक्षात बसले तशी तिने माझ्या मांडीवर एक पिशवी ठेवली आणि म्हणाली, "रडतेस कशाला गो? डोंबिवली काय दर्यापार हाय?"

पिशवीत सुकट आणि सुके बोंबील होते. मुद्दाम दिले होते. मी ज्या घरात चालले होते तिथे मासे खात नसत.

माझे मिस्टर मधुकर साताऱ्याकडचे, माळकरी घरातले. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी टायपिस्ट होते आणि ते ड्राफ्ट्समन. आमचं तिथेच जमलं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, जातीबाहेर लग्न म्हणजे कोळीवाड्यात चार दिवस तोच विषय. मला वडील नव्हते, मी शाळेत असतानाच गेलेले. भाऊ-बहीणही नाही. त्यामुळे हो म्हणायचं की नाही ते एकट्या आयच्या हातात. तिने मधुकरांना समोर बसवून सगळं विचारून घेतलं आणि नंतर मला आत बोलावून म्हणाली, "मानूस बरा हाय. पर मासली खात नाय, त्याला ताकद कुठशी येल?" तोच तिचा होकार.

आय, म्हणजे हिराबाय, ठाण्याच्या बाजारात मासे विकायची. तिचा आवाज बाजाराच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचा. "ये भाऊ, फडफडता पापलेट हाय, बघून त जा!" असं ती ओरडली की पुढे गेलेला माणूस मागे यायचा. भाव करण्यात तिचा हात कुणी धरत नसे. गिऱ्हाइकाला ती आधी शिव्या द्यायची, मग हसवायची, आणि जाताना वर दोन मांदेल्या टाकायची. तो माणूस पुढच्या रविवारी परत हजर.

डोंबिवलीला आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत सोफा नव्हता, पण काचेच्या तीन टाक्या होत्या. मधुकरांना मासे पाळायचा भारी नाद. गप्पी, गोल्डफिश, काळे-पांढरे एंजल. रविवारी सकाळी लोक मटणाच्या रांगेत असायचे तेव्हा हे बादल्या घेऊन टाक्या धूत बसायचे. आय पहिल्यांदा घर बघायला आली तेव्हा कंबरेवर हात ठेवून टाकीसमोर उभी राहिली.

"यो त पापलेटाचा पोर," ती एंजलकडे बघून म्हणाली. "केवढ्याला?"

"विकायचे नाहीत, आई. पाळलेत."

"खायाचे नाय, विकाचे नाय. मंग ठेवलेत कशाला?"

"बघायला," मधुकर म्हणाले.

आयने माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. त्यानंतर ती सणासुदीला यायची, चहा प्यायची, टाकीकडे एकदा बघून मान हलवायची आणि संध्याकाळच्या आत परत. रात्री कधी राहिली नाही. म्हणायची, "तुमचे इथं खाडीचा वारा नाय, मना झोप येत नाय." खरं कारण मला माहीत होतं. जावयाच्या घरी मुक्काम करणं तिच्या मानात बसत नव्हतं.

मुलगा झाला, मी नोकरी चालू ठेवली, पहाटेचं नळाचं पाणी, पाळणाघर, ऑफिस. डोंबिवली हळूहळू माझी झाली. तुम्ही ज्या माझ्यासारख्या लग्न होऊन बदलापूर-अंबरनाथपर्यंत गेलात, तुम्हाला हे सांगायला नको. आपण ठाण्यापासून फार लांब गेलेलो नव्हतो, मी तर रोज ऑफिसला ठाण्यातच यायची, तरी घाईत माहेर महिन्यातून एकदाच्या वर व्हायचं नाही.

नव्वद साल उलटल्यावरची गोष्ट. एका भेटीत माझ्या लक्षात आलं की आय चहात पाव बुडवून खातेय. तिखट रस्सा ओरपणारी माझी आय! मी विचारलं, तर म्हणाली दात दुखतो. गालाच्या आतून चट्टा होता. लहानपणापासून ती तंबाखूची मिश्री लावायची, बाजारातल्या सगळ्याच बायका लावायच्या. चट्टा तिने किती महिने लपवला कोण जाणे. मोसम आहे, पापलेट चांगलं येतंय, मग जाईन, मग जाईन, असं चाललेलं.

मधुकरांनी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि आम्ही तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. म्हणाले, गालाचा भाग आणि जबड्याचा तुकडा काढावा लागेल, नंतर रेडिएशनचा शेक द्यावा लागेल.

"बोलाला येल?" आयने विचारलं. तिचा पहिला प्रश्न तोच.

"येईल, पण पूर्वीसारखं स्पष्ट नाही. मेहनत करावी लागेल."

"आन नाय कापला त?"

डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या आधी एकदा माझ्याकडे पाहिलं. "मग पुढे आमच्या हातात फारसं काही राहणार नाही, मावशी."

मी रडायला लागले. आय मात्र टेबलावरच्या कागदांकडे बघत बसली. मग पदर सावरून म्हणाली, "काप. पर जीभ ठेव बाबा. मना भाव सांगाचा हाय."

डॉक्टर हसले नाहीत. "ठेवतो," म्हणाले. आणि ठेवली.

ऑपरेशन झाल्यावर मी तिला पाहिलं तेव्हा क्षणभर ओळखलं नाही. अर्धा चेहरा सुजलेला, नाकात नळी, गळ्यापर्यंत टाके. डोळे तेवढे तिचे होते. पुढे कुठे ठेवायचं यावर वाद झाला. नळीतून थोड्या थोड्या वेळाने पातळ खाणं द्यायचं होतं, शेक घ्यायला न्यायचं होतं. कोळीवाड्यात शेजारणी जीव लावणाऱ्या, पण त्यांना त्यांचे धंदे. आयने हातानेच ठणकावून सांगितलं, मी माझ्या घरी जाणार. बोट माझ्याकडे, मग मधुकरांकडे, मग जोरात नाही नाही. जावयाच्या दारात नाही.

मधुकर तिच्या कॉटपाशी बसले. "आई, तुम्ही माझ्या घरी येतच नाही आहात. तुमच्या मुलीच्या घरी येताय. मी पण तिथेच राहतो, एवढंच."

आयने त्यांच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले. आम्ही तो होकार समजलो.

अशी आय डोंबिवलीला आली. बाहेरच्या खोलीत, टाक्यांच्या समोर तिची कॉट लावली. मी सकाळी डाळीचं पाणी, दूध, नाचणीची पेज गाळून ठेवून ऑफिसला जायची. दुपारचं मधुकर बघायचे, त्यांनी कंपनीत सांगून रात्रपाळी मागून घेतली होती. ज्या माणसाने आयुष्यात अंडं फोडलं नव्हतं, तो सासूच्या नळीतून माशाचं गाळलेलं सार सोडायचा. कारण डॉक्टर म्हणाले होते, तिला जे आवडतं ते द्या. सार मी पहाटे करून ठेवायची. ते नाकाला रुमाल बांधायचे, पण द्यायचे.

आय बोलत नव्हती. नळी निघाली, टाके सुकले, डॉक्टर म्हणाले आता बोला, तोंड उघडायचा व्यायाम करा. ती नुसती मान हलवायची. एकदा कशीबशी काही बोलली, तर माझ्या मुलाने "आजी, काय म्हणालीस?" असं निरागसपणे विचारलं, त्यानंतर तिने तोंडच मिटलं. बाजारभर जिचा आवाज, ती दिवसभर भिंतीला टेकून टाकीकडे बघत बसायची. मला रात्री वाटायचं, जीभ राहिली खरी, पण आमची आय गेली.

माशांना खाणं घालायचं काम मात्र तिने स्वतःहून घेतलं. चिमूट चिमूट टाकायची. आणि जेवण म्हटलं की तिचा हात सढळ, त्यामुळे सकाळी, दुपारी, संध्याकाळी, मध्येच केव्हाही. पाणी गढूळ झालं. एके दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर पाच-सहा गप्पी वर तरंगत होते आणि आय रडत होती. ओक्साबोक्शी. जन्मभर जिने मासे कापले, सोलले, तिच्या हातून बोटाच्या पेराएवढे गप्पी मेले म्हणून ती रडत होती. आख्ख्या आजारात मी तिला तेव्हाच रडताना पाहिलं. ते रडणं गप्पींसाठी होतं की सगळ्यासाठी होतं, ते मी विचारलं नाही. मधुकर बाहेरून आले, त्यांनी टाकी रिकामी केली, घासली, नवं पाणी भरलं आणि खाण्याची डबी परत आयच्याच हातात दिली.

"उद्यापासून तुम्हीच घालायचं," ते म्हणाले. "दिवसातून दोनदा."

त्यानंतर काही दिवसांनी मी ऑफिसातून लवकर निघालेले. जिना चढताना आतून आवाज आला. घोगरा, जाड, शब्द एकमेकांना चिकटलेले. दाराशी आले आणि थांबले. आय कॉटवर मांडी घालून बसली होती आणि टाकीतल्या एंजलकडे बोट दाखवून म्हणत होती, "ये... भाऊ. फड... फडता... पापलेट... हाय."

माशांना ती लाजत नव्हती. माशांनी तिला "काय म्हणालीस" असं विचारलं नसतं.

मी आत जायच्या बेतात होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून मधुकर आले. हातात बाजाराची पिशवी. मला वाटलं बाहेर निघालेत. ते टाकीसमोर उकिडवे बसले, एंजलकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "मावशी, हा केवढ्याला दिला?"

आयने पदर ओढून तोंड झाकलं.

"शिळा दिसतोय," मधुकर म्हणाले.

"शि...ला?" आयचा चेहरा तापला. "डोले... बघ त्याचे! जि...ता हाय!"

"जिवंत असला म्हणून काय झालं, लहान आहे. अर्ध्या भावात देता का?"

"अर्ध्यान? तुझे आयशीन... कंदी मासली खाल्लीय का?"

"नाही," मधुकर अगदी खरं बोलले.

आयला हसू फुटलं. एका बाजूने वाकडं, लाळ गळणारं हसू, ते तिने पदराने पुसलं आणि परत भाव सांगितला. मग रोजचंच झालं. संध्याकाळी मधुकर पिशवी घेऊन यायचे आणि अर्धा तास घासाघीस चालायची. कधी मीपण गिऱ्हाईक व्हायची, कधी मुलगा. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू एकदा वाटी घेऊन आल्या आणि त्यांनाही आयने एक गोल्डफिश विकायला काढला. आय आल्यापासून त्या काकूंची आमच्या घरातून मासळीचा वास येतो म्हणून तक्रार होती. त्या दिवशी त्या कॉटवर टेकल्या आणि खूप वेळ थांबल्या. आयचे शब्द हळूहळू सुटे व्हायला लागले. सगळे नाही. पण ज्याला ऐकायचं आहे त्याला कळेल इतके.

शेक संपल्यावर तिचा पहिला हट्ट बाजाराचा. मी म्हटलं, आता कशाला, बस की आरामात. तर म्हणाली, "बसाचा त पाटीवर." पाटी म्हणजे बाजारातली तिची मासळीची टोपली.

मी तिच्याबरोबर गेले. तिची जागा शेजारच्या बायकांनी धरून ठेवली होती, एकीने त्यावर स्वतःची टोपली ठेवून. आयने पदर डोक्यावरून घेऊन अर्धा चेहरा झाकला होता. बसली, बोंबील मांडले, पाणी शिंपडलं. शेजारची म्हणाली, "हिरे, मी देते हाक तुझे वाटची." आयने मान हलवली. पदर खाली घेतला, चेहरा उघडा केला. आणि हाक दिली.

पूर्वीची हाक नव्हती ती. तरी बाजारातल्या बायकांनी एकदम हातातलं काम थांबवलं. एक गिऱ्हाईक थांबलं, चांगला पँट-शर्टातला माणूस. तिच्या गालाकडे बघून बावरला. "काय म्हणालात?" त्याने विचारलं.

मी पुढे होणार होते. आयने मला हाताने मागे सारलं. तिने भाव परत सांगितला, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून. तरी त्याला कळेना. तिसऱ्यांदा सांगितला. त्याला कळला, आणि त्याने कमी करायला सांगितलं. मग काय, आयने त्याला त्याच्या आईवरून, बायकोवरून, नोकरीवरून जे ऐकवलं, ते त्याला शब्दाशब्दाने कळलं असणार, कारण तो हसत हसत पूर्ण भाव देऊन गेला. आयने त्याच्या पिशवीत वर दोन बोंबील टाकले.

मी बाजाराच्या मधोमध उभी होते आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही माझी आय आहे.

पुढे कित्येक वर्षं ती पाटीवर बसली. नव्वदचं दशक संपता संपता गेली, ती हृदयाच्या दुखण्याने, बाजारातून घरी आल्यावर. कॅन्सर परत आला नाही. तोवर ती आमच्याकडे सणाला यायची आणि आता हक्काने राहायची. मधुकरांना सगळ्यांसमोर "माजा जावई" म्हणायची.

आता आम्ही घोडबंदर रोडला उंच बिल्डिंगमध्ये राहतो. मधुकर रिटायर झाले. संध्याकाळी खाली बागेत बायका बसतात. कुणाचं गाव रत्नागिरी, कुणाचं कऱ्हाड, सुट्टीत जाऊन आल्या की फणसाचे गरे, काकवी वाटतात. मला विचारतात, तुमचं गाव कुठलं? मी म्हणते, ठाणं. त्या म्हणतात, ते कळलं हो, मूळ गाव? मी म्हणते, मूळचंच ठाणं. आम्ही कोळी. माझी आई ठाण्याच्या बाजारात मासे विकायची.

मग कुणीतरी म्हणतं, अय्या, सांगा ना. मी सांगायला बसते. आणि सांगता सांगता माझ्या तोंडी कोळीवाड्याची बोली कधी येते ते मला कळतही नाही. बायका हसतात, मीही हसते, पण थांबत नाही. तेवढा वेळ मी घरी असते.