भिंतीतली शेकोटी

नागपूरच्या सदरमधला तो बंगला कुणा इंग्रज साहेबानं आपल्या गावाकडच्या घरासारखा बांधला होता. बर्फ घसरून पडावा असं उभट छप्पर, लहान खिडक्या आणि हॉलच्या भिंतीत चक्क शेकोटी. बंगला पाडायचा ठरला, म्हणून भर मे महिन्यात मी मोजमापं घ्यायला गेलो.

चौकीदारानं कुलूप काढलं. साठीचा, उमरेडकडचा माणूस. "आमच्या घरी हातमाग होता," तो म्हणाला. "खड्ड्यात पाय सोडून, पायानं पावड्या दाबत लुगडी विणत होतो. आता विकून टाकला."

"नागपुरात शेकोटी कशाला हवी होती त्या इंग्रजाला?" घाम पुसत मी हसलो.

तो हसला नाही. "पेटवत नसन, साहेब. नुसता समोर बसत असन."

काम आटोपून बाहेर आलो, तर त्याची खुर्ची रिकामी होती. व्हरांड्याच्या कडेला फरशी उखडून खड्डा पडला होता, त्यात पाय सोडून तो बसला होता.

"खुर्ची आहे ना?"

"इथंच बरं वाटते."

खड्ड्यात काहीच नव्हतं. तरी त्याचे पाय आळीपाळीनं खाली दाबत होते, आधी डावा, मग उजवा.