भाईंच्या रोजच्या तीन ओळी

भाईंची नि माझी शेवटची भेट भांडणातच गेली. अंगात ताप होता, तरी पहाटेच्या नमाजनंतर ते माझ्या दारात उभे. कुराणातल्या तीन ओळी पाठ केल्या होत्या, त्या मला ऐकवायच्या होत्या. दोनदा अडखळले. “बस करा भाई, घरी जाऊन पडा,” असं मी म्हणतोय, तर हे पुन्हा सुरू! वैतागून मी कुराणशरीफ मिटून फळीवर ठेवलं. ते निघाले… तिसऱ्या दिवशी गेले. आता दोन महिने होतील. लोक येतात, त्यांच्या सबुरीची तारीफ करतात. करोत. त्या सबुरीखाली मी नऊ वर्षं भरडलो गेलो, ते कुणी विचारत नाही.

उस्मानभाई माझे थोरले भाऊ. सोलापुरात भवानी पेठेत कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. वडील लवकर वारले, तेव्हा भाईंनी पिंजण हातात घेतलं नि मला मदरशात घातलं. बाराव्या वर्षी माझं अख्खं कुराण पाठ झालं. मी हाफिज झालो, पेठेत पेढे भाईंनी वाटले. पुढं उर्दू शाळेत मास्तर झालो, रोजची उजळणी सुटली आणि पाठ केलेलं हळूहळू निसटत गेलं. हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं. माझी चाळिशी उलटल्यावर एके सकाळी भाई आले, दाढीत कापूस तसाच. म्हणाले, “मैं बी याद करतूं. रोज तीन लकीरां. तू सुनना.” आठवडाभराचं खूळ असेल, असं मला वाटलं.

ते खूळ शेवटपर्यंत गेलं नाही. पाऊस, सणवार, माझ्या मुलीचं लग्न, काही आड येत नसे. “आज मेरी तबियत ठीक नईं, भाई,” म्हणावं, तर उत्तर तयार: “कान तो ठीक हैं ना?” कालच्या ओळी पक्क्या नसतील तर आज नव्या नाहीत, मग त्याच त्या ऐकत बसायचं. माझी बार्शीला बदली झाली तेव्हा सुटलो म्हटलं. तर दर रविवारी कुर्डुवाडीला गाडी बदलून हे हजर, आठवड्याच्या सगळ्या ओळी एकदम घेऊन! चहासुद्धा त्यानंतर.

सोलापुरात परतलो, त्या वर्षी मशिदीतल्या मंडळींनी विचारलं, रमजानात तरावीहच्या नमाजला हाफिजसाहेब उभे राहतील का? रोज रात्री थोडं थोडं करून महिनाभरात सगळं कुराण तोंडपाठ म्हणायचं असतं. दरवर्षी मी घशाचं निमित्त सांगून सुटत असे. त्या खेपेला माझ्याआधी भाईच बोलले, “रहेगा की!” झालं. दिवसभर घोकायचं, रात्री म्हणायचं. दहा दिवस निभावलं. अकराव्या रात्री एका जागी डोकं साफ कोरं झालं. तीन ओळी गाळून मी पुढं गेलो. मागं माणसांच्या रांगा. कुणालाही कळलं नसतं… आणि मागून भाईंचा आवाज आला. गाळलेली ओळ. मी पुढंच रेटलं. पुन्हा तोच आवाज, तीच ओळ. तिसऱ्यांदा मला मागं येऊन त्या तीन ओळी म्हणाव्याच लागल्या.

बाहेर चपला घालताना मी फणफणलो, “सबके सामने कायकू, भाई?”

त्यांनी आपल्या चपला शोधून पायात घातल्या. मग म्हणाले, “वो तीन लकीरां कू मेरेकू ग्यारा दिन लगे थे रे. तू कैसा छोडा?”

माझं विसरलेलं त्यांना आधीपासून ठाऊक होतं का, हे मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओळी झाल्या की मी माझं एक पान म्हणू लागलो. तेही ऐकताना एक मात्रा सोडत नसत! चार वर्षांत माझं सगळं कुराण मला परत मिळालं. कुराणाचे तीस पारे, म्हणजे भाग; त्यांचे तेवीसच झाले.

अजून मी पहाटे नमाज उरकून बैठकीत येऊन बसतो. बायको म्हणते, “अब कोन आनेवाला है? लेटो जरा.” पडवत नाही. चोविसावा पारा काढतो, तीन ओळी मोठ्यानं म्हणतो. जीभ घसरली तर टोकणारं कुणी नसतं. मग माझं मलाच थांबावं लागतं, आणि या माणसाचा भारी राग येतो.