येळवशीचा उंडा

त्या सायकल शर्यतीतलं सगळ्यात अवघड काय, असं मला अजून विचारतात. राणीसावरगावच्या डोंगरातले मुरमाड चढ, बाभळीचे काटे, दिवसभर सायकल दामटून बधिर झालेलं अंग, हे सगळं आहेच. पण माझं उत्तर वेगळं आहे.

शर्यत खरं तर आमच्या यांची. कितीतरी दिवस तयारी करत होते, आणि मधेच हृदयाचं ऑपरेशन निघालं. दवाखान्यात मी आमच्या खंडोबाला बोलले, हे घरी येऊ देत, यांच्या सायकलवर ही शर्यत मी पूर्ण करीन, आणि त्या दिवशी ती संपेपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालणार नाही. हे सुखरूप घरी आले. आता नवस मोडला आणि यांचं काही बरंवाईट झालं तर, ही धास्ती आणि तो नवस मी कुणाला सांगितला नव्हता, यांनाही नाही.

त्यात शर्यत नेमकी येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला. बाहेरून आलेल्या आयोजकांना काय ठाऊक, की त्या दिवशी आमच्याकडे सगळं गाव शेतात असतं! कडब्याच्या झोपडीत, कोपीत, पाच दगडांचे पांडव मांडून लक्ष्मीला नैवेद्य दाखवतात आणि वाटेवरच्या माणसाला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. प्रत्येक बांधावरून हाका. बाकीचे सायकलवाले खुशाल पंगतीला बसलेले, आणि मी आपली हात जोडून पुढे. ताकातल्या आंबिलीच्या वासाने जीव नुसता कासावीस व्हायचा.

एका चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सायकलीसकट आडवी झाले. शुद्धीवर आले तेव्हा डोकं एका अनोळखी म्हातारीच्या मांडीवर होतं. तिने आंबिलीचा तांब्या ओठांशी धरला. मी तोंड फिरवलं आणि रडत रडत नवसाचं सगळं सांगून टाकलं.

माझे केस सारखे करत ती म्हणाली, "माय, आज लक्ष्मी जेवायला बसलीय. लेकरू दारात उपाशी पडल्यावर तिच्या गळ्याखाली घास उतरंल व्हय? पी तू. तुझ्या देवाला मी सांगते."

मी रडतच प्याले. निघताना तिने बाजरीचा उंडा, पिठाचा उकडलेला गोळा, फडक्यात बांधून दिला, घरधन्यासाठी म्हणून.

पोचले तेव्हा वेळ संपली होती, शेवटची कमान उतरवायला लागले होते. हे खुर्चीत एकटेच बसलेले, चेहरा सुकलेला, डबा शेजारी तसाच.

"अहो, नवस मोडला माझा," मी म्हणाले.

"बरं झालं. सकाळी तू केळी परत पिशवीत ठेवलीस तेव्हाच मला कळलं, तुझा उपास आहे. मग मी तरी कसा जेवणार?"

गोळ्या चालू असलेला माणूस, आणि दिवसभर उपाशी! मला राग आला, आणि भरूनही आलं. तिथेच फडकं सोडलं आणि उंडा यांना भरवला. मला वाटेत आडवं पाडून लक्ष्मीआईने हा घास कुणासाठी पाठवला होता, ते तेव्हा कळलं.

चढ पायांनी चढता येतो. दिलेलं मुकाट्याने घेणं मला जास्त अवघड गेलं. आता दर येळवशीला आम्ही दोघं त्या बांधावर जातो, आणि म्हातारीने हाक मारायच्या आधीच मी हात पुढे करते.