लेसोथोच्या आजींचा आग्रह

आफ्रिकेतल्या लेसोथोच्या डोंगरातल्या एका गावात मी आणि नवरा घोड्यांवरून पोचलो, तेव्हा थंडीने माझे दात वाजत होते. मुक्काम एका आजींच्या दगडी घरात होता. दुपारी त्यांनी मक्याच्या पिठाची घट्ट, पांढरी उकड आणि पालेभाजी वाढली. भुकेने जीव चालला होता, तरी सवयीने माझ्या तोंडून निघालं, "नो, नो, थँक यू." आजींनी मान डोलावली आणि माझी ताटली उचलून नेली.

मी बघतच राहिले. अहो, निदान एकदा तरी आग्रह? नवऱ्याने पहिल्या फटक्यात "येस" म्हटलं होतं. तो मिटक्या मारत जेवत होता. असा राग आला मला त्याचा!

संध्याकाळी मात्र आजींनी विचारलंच नाही. वाफाळती ताटली सरळ माझ्या मांडीवर ठेवली, स्वतःच्या अंगावरचं जाड ब्लँकेट माझ्या खांद्यांवर टाकून पिनेने अडकवलं, आणि माझं संपेपर्यंत समोर बसून राहिल्या.

परवा इथे अमेरिकेत, प्लेनोच्या घरी मी तापाने पडले होते. नवरा कामासाठी बाहेरगावी. मुलीचा फोन आला, "आई, डिनर घेऊन येऊ?"

"नको गं, कशाला उगाच!"

"ओके, टेक केअर."

तिचं काय चुकलं? नाही म्हणजे नाही, हे मीच तिला शिकवलंय. मग उठून मक्याच्या पिठाची उकड केली. चव अगदी तशी जमली. फक्त ताटली माझी मलाच मांडीवर ठेवावी लागली.