ओल्या भिंतीला टेकून

पोर्तुगीजांचा धडा शिकवायचा तास आला की वर्ग माझ्याकडे बघायचा. पुस्तकाकडे नाही, फळ्याकडे नाही, माझ्याकडे. डहाणूच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायला लागलो ते दोन हजार चौदाला. त्याच वर्षी स्टाफरूममधल्या भूगोलाच्या सरांनी डबा उघडता उघडता विचारलं होतं, "काय मग, वसईची लढाई का आज? तुमचे लोक हरणार!" मी हसलो. पुढच्या वर्षीही हसलो. नंतर नुसते दात दाखवत राहिलो. माझे लोक म्हणजे वसईकडचे केळी पिकवणारे ख्रिस्ती. किल्ल्यावर झेंडा कुणाचा, याने त्यांच्या केळीला काही फरक पडला नसावा. हे त्या सरांना सांगावंसं पुष्कळदा वाटलं, पण सांगितलं नाही.

रविवारी मी तलासरीच्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, जायचो. तिथले फादर इतिहासाचेच डॉक्टर, वसईचेच, माझ्याहून बरेच मोठे. मिस्सा झाला की त्यांच्या ओट्यावर चहा आणि वाद. आम्ही दोघं म्हणजे त्या भागातले झाडून सगळे ख्रिस्ती इतिहासकार, असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. श्रद्धा असलेल्या माणसाने इतिहास लिहायचा तर शंका आधी आपल्या घरावर घ्यावी, हे त्यांचं लाडकं वाक्य. ते ऐकून मला फार बरं वाटायचं. कॉलेजात तोंड मिटून काढलेला आठवडा त्या ओट्यावर भरून निघायचा.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना स्थानिक इतिहासावर प्रकल्प करावा लागतो. दरवर्षी तेच विषय यायचे. डहाणूचा किल्ला, झाईचं बंदर, घोलवडचा चिकू. एकदा तलासरीजवळच्या पाड्यावरची एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. वारली घरातली, आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. रोज टमटम, मग एसटी, असं करत कॉलेजात यायची आणि तरी पहिल्या बाकावर असायची. म्हणाली, "सर, माझ्या आईची दोन लग्नं झाली. एकाच माणसाशी, एकाच दिवशी. त्याच्यावर करू का?"

मी खुर्ची पुढे ओढून तिला बसवलं. तिच्या आईच्या लग्नात पहाटे घरात चौक काढला होता. आतल्या खोलीची भिंत शेणाने सारवून तिच्यावर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौकट रेखतात, चौकटीत पालघट देवी बसते आणि तिच्यासमोर धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून लग्न लावते. ते झाल्यावर सगळी वरात चर्चमध्ये गेली आणि फादरनी पुन्हा लग्न लावलं. पाड्यावरची बहुतेक ख्रिस्ती घरं असंच करायची. मुलीचा प्रश्न एवढाच होता, की आई नक्की कुठल्या लग्नाने लग्नाची झाली. आजी म्हणायची चौकाने. आई म्हणायची चर्चने. बाप म्हणायचा, जेवणाने.

इतक्या वर्षांत कुणी मला असा विषय आणून दिला नव्हता. तिला पुढे एम.ए. करायचं होतं, कॉलेजात शिकवायचं होतं. मला तर ती आत्ताच माझ्या जागी उभी असलेली दिसायला लागली. आमच्याकडे वसईत लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर उंबराचं पाणी आणायला जातात, आणि हे कुठल्या शास्त्रात आहे असं कुणी विचारत नाही. तेव्हा वसईत खपतं ते तलासरीत का खपणार नाही, असं मला वाटलं. ही चूक वसईकरच करू जाणे. आमच्या उंबराच्या पाण्यावर कुणाचा डोळा नव्हता, कारण त्यावर आमचं काही अडलेलं नव्हतं.

रविवारी मी उत्साहाने फादरना विषय सांगितला. त्यांनी कप खाली ठेवला.

"नको," ते म्हणाले.

तेव्हा तलासरीत सभा व्हायला लागल्या होत्या. धर्म सोडला त्याने आदिवासीपण सोडलं, त्यांचे जमातीचे दाखले काढून घ्या, अशी मागणी होती. कायदा तसं म्हणत नव्हता, पण माईकवर कायदा कोण वाचतो? पाड्यावर आणखी एक गोष्ट ठरली होती. जी धवलेरी ख्रिस्ती घरात गाईल, तिला बाकीच्यांनी बोलवायचं नाही.

"तिने लिहिलं की चौक काढतात," फादर म्हणाले, "तर पाडा म्हणेल, आमची देवी पळवली, आणि त्या म्हाताऱ्या धवलेरीला वाळीत टाकतील. लिहिलं की काढत नाहीत, तर सभेवाले म्हणतील, बघा, हे आदिवासी राहिलेच नाहीत. आता सांग, काय लिहायचं?"

"खरं आहे ते."

"खरं लिहून तू वसईला परत जाशील. ती पाड्यावर राहील."

"मग ती शंका आपल्या घरावर घ्यायची, त्याचं काय?"

त्यांनी कप पुन्हा उचलला. मला त्यांचा राग आला, आणि त्यांचं म्हणणं खोडता येत नाही म्हणून जास्त आला. चहा तसाच ठेवून मी उठलो.

प्राचार्यांना तर एवढंही बोलावं लागलं नाही. विषयावर नजर टाकून त्यांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. "अरे सर, धर्मबिर्म कशाला? आपला एवढा मोठा चिकू आहे, त्याच्यावर करा ना! सगळे खूश." त्यात वाईट हेतू अजिबात नव्हता. घरचा चिकूही त्यांनी हातावर ठेवला.

तिने चिकूवर केलं. घोलवडच्या वाड्यांत हिंडली, तोडणाऱ्या बायकांशी बोलली, रेल्वेने माल कसा जायचा ते विचारून आली. प्रकल्प उत्तम झाला. तिला बक्षीस मिळालं, प्राचार्यांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतला, भूगोलाच्या सरांनी पेढा खाल्ला. टाळ्या वाजत होत्या तेव्हा ती माझ्याकडे एकदाच बघून हसली. ते हसू मी ओळखलं. स्टाफरूममध्ये मीही तसाच हसायचो.

निकाल लागल्यावर मी तिला एम.ए.ला नाव घालायला सांगितलं. विद्यापीठात कुणाला भेटायचं, कुठली पुस्तकं वाचायची, सगळं बोलत सुटलो. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, एम.ए.लापण चिकूच करायचा का?"

ती घोलवडला पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला लागली.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं आणि तिने फोन करून बजावलं, "सर, सकाळी लवकर या. खूप लवकर." मी पोहोचलो तेव्हा अंगणात डीजे एवढ्या मोठ्याने लावलेला होता की बोललेलं ऐकू येईना. एवढ्या सकाळी कशाला हा धिंगाणा, असं मनात म्हणत मी आत गेलो, आणि मला कळलं. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. भिंतीवर चौक होता. पांढरा, ओला, पूर्ण. चौकटीत देवी होती, आजूबाजूला झाडं, नाचणारी माणसं. धवलेरी भिंतीला तोंड करून गात होती आणि बाहेरच्या गाण्याखाली तिचं गाणं दडलेलं होतं. म्हातारी मागच्या दाराने आली होती. मुलगी हळदीने पिवळी होऊन समोर बसली होती. मला पाहून तिने मान हलवली. "सर, फोटो नको."

माझा हात खिशात गेलेला होता. तो मी तसाच बाहेर काढला.

गाणं संपलं. म्हातारी उठली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आली तशी मागून निघून गेली. पाड्यावरची पाहुणेमंडळी यायची वेळ झाली होती. त्यांच्यात सभेला जाणारेही होते, आणि मोबाईल सगळ्यांकडेच होते. ज्या मावश्यांनी चौक काढला होता त्यांनीच पदर खोचले. एकीने मला बादली दिली. "सर, हापशीवरून पाणी आणा."

मी आणलं. त्यांनी शेण कालवलं आणि हाताने भिंत सारवायला घेतली. आधी माणसं गेली, मग झाडं. देवीवर हात ठेवताना मावशी थांबली, काहीतरी पुटपुटली आणि मग तीही गेली. हे लोक आदिवासी आहेत का, असं ओरडून विचारणाऱ्यांना ती भिंत उत्तर देऊ शकली असती. ती पुसायला मीच पाणी आणून दिलं होतं. मुलगी बघत होती. रडत नव्हती. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात फादर आले. चर्चला जायच्या आधी घराला आशीर्वाद द्यायचा होता. त्यांनी आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि भिंतीचा तो ओला, गडद चौकोन पाहिला. चौकाएवढाच होता तो. वाळायला वेळ लागणार हे कुणालाही कळलं असतं. बाहेर पाहुण्यांचे आवाज यायला लागले.

फादरनी एक खुर्ची ओढली आणि भिंतीला लावून बसले. मला म्हणाले, "बस." मी दुसरी खुर्ची त्यांच्या शेजारी लावली. लोक आत आले, नमस्कार झाले, कुणी पाणी दिलं. एका पाहुण्याने मी काय करतो ते विचारलं. इतिहास शिकवतो म्हटल्यावर तो म्हणाला, "छान." पाठीला ओल लागत होती. फादरच्या पांढऱ्या झग्याच्या खांद्यापर्यंत शेणाचं पाणी चढलेलं मला दिसत होतं. दोघंही हललो नाही.

भिंत लवकर वाळू दे, अशी मी देवाची प्रार्थना केली. इतकी मनापासून प्रार्थना मी कित्येक वर्षांत केली नव्हती.