वार्तिनाची कललेली मान

जावा बेटावरच्या तेगालच्या आसपास आमच्याकडे घरोघर बॅडमिंटनची शटलं बनतात. अर्धगोल बुचाला सोळा भोकं असतात, त्यांत बदकाची सोळा पिसं एकाच कलात खोचायची. एक पीस जरी फिरलं तरी शटल हवेत भलतीकडे जातं. वार्तिना हे काम चौदाव्या वर्षापासून करत होती. माझ्याकडे आली तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. मी शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात असतो. ज्यांच्या दोन डोळ्यांची जोडी जुळत नाही त्यांना तपासणं आणि त्यांच्याकडून व्यायाम करून घेणं, हे माझं काम.

एका लग्नाहून परतताना वार्तिना नवऱ्याच्या मोटारसायकलवरून मागे पडली होती. डोक्याला टेंगूळ आलं, दोन दिवस उलट्या झाल्या, मग बरं वाटलं. आठवड्याने कामावर बसली, तर मांडीवरच्या पाटावरचं एक बूच दोन दिसू लागलं. एकावर एक, त्यातलं एक जरासं तिरकं. एक डोळा मिटला की पुन्हा एकच. तिने कुणाला सांगितलं नाही. उजवा डोळा मिटून काम रेटत राहिली.

तिच्या समोर डिंक लावायला दुल्रोकिम नावाचा विधुर बसायचा. बरोबर काम करणाऱ्या बायकांच्या नजरेतून काय सुटतंय!

"वार्ती, या वयात डोळे मारतेस होय गं?"

"गप बस. कचरा गेलाय डोळ्यात."

"रोज जातो? आणि दुल्रोकिम आल्यावरच जातो?"

दुल्रोकिमने बिचाऱ्याने आपलं स्टूल उचलून मागच्या दाराशी नेलं. त्यामुळे बोलणं थांबायच्या ऐवजी वाढलं आणि तिच्या नवऱ्याच्या कानावर गेलं. कार्योतो बाजाराच्या तोंडाशी गाडीवर तळलेला ताहू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, विकायचा. माणूस अबोल. त्याने घरी येऊन सरळ विचारलं, तेव्हा तिने सांगून टाकलं.

"म्हणजे मीसुद्धा दोन दिसतो?" त्याने विचारलं.

"खाली बसून जेवत असलात की दिसता. मला एकच पुरे आहे, म्हणून डोळा मिटते."

दुसऱ्या दिवशी गाडी बंद ठेवून तो तिला दवाखान्यात घेऊन आला. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लावला. त्यात काही निघालं नाही, म्हणून तिला माझ्या खोलीत पाठवलं. नवरा बाहेर बाकावर बसला.

ती खुर्चीत बसली तेव्हाच तिची मान डाव्या खांद्याकडे कललेली दिसली. मी ती हातांनी सरळ केली आणि मग उजवीकडे कलवली. तिने टेबल घट्ट धरलं.

"अहो मास, तुम्ही दोन झालात! एकाच्या डोक्यावर दुसरा!" आमच्याकडे दादाला मास म्हणतात आणि बाईंना बू.

पुन्हा डावीकडे कलवली, तर दोघांचा एक झालो. उजव्या डोळ्याला खाली वळवणारा एक स्नायू लुळा होता, हे उघड झालं. पण मोजमापं घेताना एक गोष्ट मला खटकली. वर-खाली सरकलेली दोन चित्रं एकमेकांपासून इतकी लांब असतानाही ती जोडत होती, की दोन महिन्यांपूर्वी पडलेल्या माणसाला ते जमायचं नाही. मी म्हटलं, "बू, पुढच्या वेळी तुमचा एखादा जुना फोटो घेऊन या. जितका जुना तितका बरा."

फोटो घेऊन तिच्याबरोबर तिची सासूच आली, सारकेम. लग्नाचा फोटो होता. मंडपातल्या उंच आसनावर नवरा-नवरी, एका बाजूला मुलीचे आईबाप, दुसऱ्या बाजूला सारकेम आणि तिचा नवरा. नवरीची मान डावीकडे, सासूपासून लांब कललेली.

"बघा," सारकेम म्हणाली, "पहिल्याच दिवशी माझ्याकडे पाठ. अठ्ठावीस वर्षं हाच ताठा."

मी सांगितलं, की हा स्नायू बहुधा जन्मापासूनच लुळा असावा. दोन चित्रांची एक व्हावी म्हणून तान्हेपणीच तिने मान कलवायला सुरुवात केली असणार. डोक्याला मार लागला आणि इतकी वर्षं सांभाळलेली जोडणी सुटली.

सारकेमने फोटो डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिला. मग सुनेला म्हणाली, "मग आधी सांगायचं नाही का?"

"मलाच कुठे ठाऊक होतं, आई? मला वाटायचं सगळे असंच बघतात."

मी तिला चष्मा करून दिला, त्याच्या एका काचेवर प्रकाश वळवणारी पातळ पट्टी चिकटवली आणि व्यायाम दिले. दोरीत तीन रंगीत मणी ओवून तिचं एक टोक नाकाशी धरायचं, एकेका मण्यावर नजर ठेवायची, आणि मण्याशी दोन दोऱ्यांची फुली दिसते का ते बघायचं; दोन्ही डोळे एकत्र बघत असले तरच ती दिसते. लुळा स्नायू याने जागा होत नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. चित्रं जोडायची मेंदूची सवय तेवढी परत येते. ती रोज दोनदा करायची. तिसऱ्या आठवड्यात वैतागून म्हणाली, "मास, एवढ्या वेळात दहा डझन शटलं झाली असती." तरी सोडलं नाही.

चौथ्या महिन्यात मान सरळ ठेवूनही समोरचं सगळं एक दिसू लागलं. खाली बघितलं की मात्र अजून फाटायचं, आणि तिचं काम तर मांडीवरच्या पाटावरचं. तिने कार्योतोकडून छातीइतकं उंच टेबल ठोकून घेतलं. बायका आधी हसल्या, "राणीसाहेब बसल्या सिंहासनावर." पावसाळा संपेपर्यंत त्यांतल्या तिघींनी तसलीच टेबलं करून घेतली, आणि त्यांच्या माना दुखायच्या थांबल्या.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती. तिने नको म्हटलं. सरळ झालेल्या मानेने पहिले काही महिने तिचा खांदा ठणकायचा. आरशात बघितलं की दुसरीच कुणी बाई वाटते, असं ती म्हणायची. मग तेही अंगवळणी पडलं.

आता ती वर्षातून एकदा येते. कललेल्या मानेचं माणूस दिसलं की ती त्याला माझ्याकडे पाठवते. आतापर्यंत चार पाठवलेत. त्यातल्या एका शाळकरी मुलीला खरोखर तिच्यासारखाच त्रास निघाला आणि तिची शस्त्रक्रियाही झाली. दोघांच्या माना नुसत्या आखडल्या होत्या. चौथा म्हातारा मासळीविक्या होता. त्याला एका कानाने कमी ऐकू येत होतं.