बडीशेपेचा डबा

नवनाथ ढोबळेला नोकरी लागली ती आजारपणामुळे. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, आणि हसावं की हळहळावं हे समोरच्याला कळेनासं झालं की मनातून खूश व्हायचा.

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तो लेथवर होता. एका उन्हाळ्यात मशीनच्या घरघरीतून कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारतंय, असं त्याला ऐकू यायला लागलं. भावानं त्याला बीडकडच्या गावी नेलं. तिथे मागच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बाहेर सुगी झाली, लग्नसराई झाली, त्याला पत्ता नव्हता. शेवटी त्याची बायको दिपाली भांडून त्याला परत घेऊन आली, थेरगावात पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर एका संस्थेचा मनोविकारांचा दवाखाना होता तिथे. गोळ्या सुरू झाल्या, माणूस हळूहळू माणसात आला. मग त्याच दवाखान्यानं त्याला कामावर घेतलं. जो या आजारातून गेलाय त्यानं नव्या पेशंटच्या घरी जायचं, शेजारी बसायचं, बोलायचं. पदाचं नाव ‘सोबती’. गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र.

“आधी वेडेपणा फुकट करायचे, आता पगारी करतात,” दिपाली शेजारणींना सांगायची.

नवनाथला हे काम जमलं. जरा जास्तच जमलं. आपली कहाणी सांगताना आवाज कुठे उतरवायचा, पाण्याचा घोट कुठे घ्यायचा, हे त्याला पाठ झालं होतं. ‘मागच्या खोली’पाशी आला की डोळे आपोआप भरायचे, आणि भरले की त्याला स्वतःचंच कौतुक वाटायचं. शेवटी तो खिशातून गोळ्यांचा डबा काढायचा, सात वारांचे सात कप्पे असलेला, आणि तो कानाशी खुळखुळवून म्हणायचा, “हे माझं इंजिन ऑइल.”

त्या बुधवारी दुपारी तो चाकणजवळ म्हाळुंग्याला धनेशच्या खोलीवर बसला होता. धनेश प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार. कित्येक आठवडे तो शिफ्टला गेला नव्हता, कुणाशी बोलत नव्हता. हिंगोलीहून त्याची आई, यशोदाबाई, आली होती.

“उद्याच्याला तुमचा डॉक्टर बसतो म्हनं. पर ह्यो यायला तयार न्हाई. मग परवाच्या गाडीनं गावाकडं नेते बाबा मी. घरी मागं एक खोली हाय, पडून राहील.”

मागच्या खोलीत काय असतं ते नवनाथला ठाऊक होतं. उद्या धनेश दवाखान्यात आलाच पाहिजे होता.

म्हणून त्यानं कहाणी सुरू केली. आवाज उतरवला. घोट घेतला. डोळे भरले. यशोदाबाई पदर तोंडाला लावून रडली. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या धनेशची पाठ मात्र भिंतीच्या पोपड्यांइतकीच स्थिर. नवनाथनं घाईघाईनं डबा काढला, खुळखुळवला, बुधवारचा कप्पा उघडून धनेशच्या अगदी नाकाखाली धरला.

धनेशनं डोळे किलकिले केले. मान उचलून वास घेतला.

“बडीशेप हाय ही,” तो म्हणाला. “हॉटेलात बिलासोबत देतात ती. रंगीत.”

यशोदाबाईचं रडणं थांबलं. तिच्या लेकाचा आवाज तिनं खूप दिवसांनी ऐकला होता.

“हा... दाखवायचा डबा आहे,” नवनाथ म्हणाला.

“मग खरा कुठाय?”

खरा तोच होता. गोळ्या संपून पंधरवडा होत आला होता. नव्या आणायच्या तर गुरुवारी पेशंटांच्या रांगेत नंबर लावायचा, आणि गळ्यात निळी फीत घालून त्या रांगेत उभं राहणं नवनाथला जमेना. रांगेतल्या लोकांना हात धरून आत नेणारा तो, स्टाफ! रांगेत लाज कसली, हे वाक्य तर त्याच्या कहाणीतच होतं, टाळ्यांचं. डबा वाजला पाहिजे म्हणून त्यानं एका हॉटेलातून मूठभर बडीशेप उचलली होती. झोप उडाली होती, तोंडाची टकळी वाढली होती. दिपालीनं दोनदा विचारलं तेव्हा कामाचा उत्साह आहे म्हणून त्यानं सांगितलं होतं.

“खरा हाच,” तो म्हणाला. ह्या वाक्याला कुठे थांबायचं ते त्याला पाठ नव्हतं. “गोळ्या संपल्या. रांगेत उभं राहायची लाज वाटते.”

“तुमाला?”

“मला.”

धनेश उठून बसला. फितीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि त्याच्या नाकातून एक फुसकन आवाज आला. ते हसूच होतं.

“मला बी तेच वाटतंय ना राव. कंपनीतलं कुणी बगितलं तर?” त्यानं बोटानं बुधवारचा कप्पा बंद केला. “तुमी लावता का उद्या नंबर?”

“लावतो.”

“मग माज्या पुढं उभं राहायचं. पळून गेलात तर दिसलं पाहिजे मला.”

गुरुवारी सकाळी नवनाथ जिन्यावरच्या रांगेत उभा राहिला. रात्रीच त्यानं दिपालीला सगळं सांगितलं होतं. बडीशेपेवर ती हसली नव्हती. तिनं फक्त सकाळी बसस्टॉपपर्यंत येऊन, तो खरंच थेरगावच्या बसमध्ये चढतो का ते पाहिलं होतं. गिरणीचं पीठ उडत होतं. समुपदेशक तेजस्विनी मॅडम वर जाताना थबकल्या.

“ढोबळे, कुणाला घेऊन आलात?”

“मलाच आणलंय मॅडम.”

त्यांनी वर जाऊन तेवढं दार उघडं ठेवलं.

धनेशचा पत्ता नव्हता. रांग सरकली की नवनाथ मागच्याला वाट द्यायचा. “काका, तुम्हाला जायचंय का नुसतं उभं राहायचंय?” एकीनं विचारलं. फीत शर्टाच्या आत सरकवावी असं त्याला तीनदा वाटलं. पेशंटनं फसवलं तर आपण मोकळे, असाही एक विचार येऊन गेला, आणि त्या विचाराची त्याला रांगेपेक्षा जास्त लाज वाटली.

मग खालून यशोदाबाईचा आवाज आला, “हळू चढ रं.” इस्त्रीचा शर्ट घातलेला धनेश येऊन त्याच्या मागे उभा राहिला. धापा टाकत होता. मान खाली होती.

“बडीशेप आणली का?”

नवनाथनं डबा काढून सोमवार, मंगळवार त्याच्या तळहातावर रिकामे केले. यशोदाबाईनं बुधवार घेतला.

“नवनाथ ढोबळे!” वरून पुकारा झाला.

सवयीनं नवनाथ मागे वळला आणि रांगेवरून नजर फिरवू लागला, कुणाला आत न्यायचंय म्हणून.

“तुमीच की,” धनेश बडीशेप चघळत म्हणाला, आणि त्यानं त्याला पाठीला हात लावून आत ढकललं.